फळीमागच्या तारा

आज जुलै महिन्याचा दुसरा रविवार. जगभरातील ख्रिस्तसभा हा दिवस ‘सागर रविवार’ म्हणून पाळते आणि समुद्रावर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या किनाऱ्यावर सध्या मासेमारीची बंदी आहे. बोटी वर ओढलेल्या आहेत आणि डागडुजी चालू आहे. लाकूडकाम, रंगकाम, इंजिन यांच्या जोडीला हल्ली विजेच्या कामाचीही भर पडली आहे. पूर्वी तांडेलाला एक होकायंत्र आणि स्वतःचे डोळे पुरत. आज साध्या बोटीवरही जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस असतो. या निमित्ताने आम्ही आज एका अशा कामाविषयी लिहिणार आहोत, ज्याचा वरवर पाहता धर्माशी काही संबंध नाही. ते काम म्हणजे शिडाच्या नौकेवर, ज्याला यॉट म्हणतात तिच्यावर, दिशा आणि खोली दाखवणारी उपकरणे बसवणे व त्यांच्या तारा जोडणे. यॉटच का? कारण तिच्यावर पुष्कळदा एकटाच माणूस असतो. उपकरणाने चुकीचे सांगितले तर दुसरा कोणी शेजारी उभा नसतो.

अशा नौकेत आत एक सुबक फळी असते. तिच्यावर खोली दाखवणारा पडदा, वेग दाखवणारा पडदा, वाऱ्याची दिशा, नकाशा आणि खाली बटणांची रांग. नौका पाहायला येणारा माणूस ही फळी पाहतो आणि खूश होतो. परंतु कामाचा मोठा भाग फळीच्या मागे असतो. तारा बिछान्याखालून, कपाटामागून, डोलकाठीच्या पोकळीतून जातात. वारा मोजणारे यंत्र डोलकाठीच्या टोकाला, खोली मोजणारे तळाला, बॅटरी मध्येच कुठेतरी. एकदा लाकडी पट्ट्या पुन्हा ठोकून बसवल्या की आत काय केले आहे हे बसवणाऱ्याला ठाऊक आणि परमेश्वराला.

आता प्रश्न असा. समजा, आतले काम कच्चे आहे. बाहेर मात्र सगळे दिवे लागतात. पैसे मिळाले, नौका गेली, तक्रार आली नाही. मग कोणाचे काय बिघडले? यात पाप ते कोणते? ‘चालतंय ना, मग झालं!’ हे उत्तर आपल्याकडे इतके सर्रास ऐकू येते, की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न कारागिरीपुरता नाही. तो साक्षीचा प्रश्न आहे, म्हणजे आठव्या आज्ञेचा.

खोली मोजणारे उपकरण घ्या. नौकेच्या तळाशी बसवलेला त्याचा भाग पाण्यात आवाजाची लाट सोडतो. ती समुद्राच्या तळावर आपटून परत येते. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, त्यावरून अंतर काढले जाते. पण हे अंतर कुठून मोजलेले? तो भाग जिथे बसवला आहे तिथून. त्याच्याही खाली नौकेची कील, म्हणजे तळाचा जड कणा, दीड मीटर असू शकतो. पडद्यावर ३ मीटर दिसले तरी कण्याखाली पाणी असते फक्त दीड मीटर. म्हणून बसवणाऱ्याने यंत्रात एक आकडा भरायचा असतो. मग ते पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवते किंवा कण्याखालची. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण कोणती निवडली हे लिहून ठेवले पाहिजे. नाही लिहिले, तर पडद्यावरचा आकडा अगदी खरा असूनही तो वाचणारा माणूस खडकावर जाऊ शकतो.

खरे बोलूनही फसवता येते, हे आपल्याला नवीन नाही. घर विकताना ‘छत गेल्या वर्षीच दुरुस्त केले’ असे सांगायचे आणि ते पुन्हा गळू लागले आहे हे सांगायचे नाही. शब्द खरा, साक्ष खोटी. रात्री किनाऱ्याजवळ येणारा नाविक त्या आकड्याकडे पाहतो तेव्हा तो यंत्रावर विश्वास ठेवतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो विश्वास ठेवतो एका माणसावर, ज्याला त्याने कदाचित कधी पाहिलेलेही नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या जहाजाची हकिगत आहे. चौदा दिवस वादळात भरकटल्यावर मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखे वाटले. त्यांनी दोरी सोडून पाणी मोजले तेव्हा वीस वाव भरले. थोडे पुढे जाऊन पुन्हा मोजले तर पंधरा. खडकांच्या भीतीने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहू लागले. इथपर्यंतची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण पुढचा तपशील आपल्या प्रवचनांत फारसा येत नाही. त्या खलाशांनी लहान होडी पाण्यात उतरवली आणि पुढच्या बाजूनेही नांगर टाकत असल्याचे सोंग केले. त्यांना पळून जायचे होते. जहाजावर २७६ माणसे होती आणि त्यांना दिसत होते ते एवढेच, की खलाशी काम करीत आहेत! पौलाने शताधिपतीला सावध केले तेव्हा शिपायांनी होडीचे दोर कापले. समुद्रावर कामाचे सोंग हे वादळाइतकेच जीवघेणे असते, हे लूकने किती साधेपणाने लिहून ठेवले आहे!

होकायंत्राची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे १८२० साली डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड याने दाखवले. म्हणून होकायंत्राजवळच्या दिव्याला जाणारी आणि तिथून परत येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ देऊन नेतात. एकीचे क्षेत्र दुसरी पुसून टाकते. कोणी कंटाळा केला आणि एकच तार होकायंत्राला लागून नेली, तर दिवसा काहीच कळत नाही. काटा बरोबर दाखवतो. रात्री दिवा लावला की काटा थोडा सरकतो. म्हणजे ज्या घडीला काट्याची सर्वांत जास्त गरज, त्याच घडीला तो चुकतो! पाच अंशांची चूक डोळ्यांना जाणवत नाही, पण साठ सागरी मैल गेल्यावर नौका जवळजवळ पाच मैल बाजूला गेलेली असते.

यात काट्याचा दोष नाही. काटा कधी खोटे बोलत नाही. त्याला जे ओढते तिकडे तो वळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरीचे गुप्त मंदिर मानले. तिथे तो परमेश्वराबरोबर एकटा असतो. पण त्याच परिच्छेदात हेही सांगितले आहे, की सत्याची फिकीर न करणाऱ्या आणि पापाच्या सवयीत रुळलेल्या माणसाची ही बुद्धी हळूहळू आंधळी होते. ‘माझे मन मला खात नाही, म्हणजे मी बरोबर आहे’ असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या होकायंत्राजवळून कोणती तार गेली आहे ते पाहावे. पैशाची, भीतीची की लोक काय म्हणतील याची? जाणते नाविक नौका निरनिराळ्या दिशांना वळवून ओळखीच्या खुणांशी काटा ताडून पाहतात आणि कोणत्या दिशेला किती चूक येते त्याचा तक्ता करून ठेवतात. प्रायश्चित्त संस्कारापूर्वीचे आत्मपरीक्षण हे असेच काम आहे. ते आपण बहुधा दोन मिनिटांत उरकतो, तो भाग वेगळा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. समुद्रावर तांब्याची तार कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी, नाहीतर खारी हवा तिला आतून हिरवी करून खाते. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून उपकरणापर्यंत विजेची घट तीन टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, म्हणून तार लांब असेल तर जाड घ्यावी. जोड दाबून बसवल्यावर ओढून पाहावा. दोन्ही टोकांना नाव लावावे. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवावा, कारण मुख्यतः तो असतो तारेला आग लागू नये म्हणून. पुष्कळांना तो उपकरण वाचवण्यासाठी असतो असे वाटते आणि ते फ्यूज उपकरणाजवळ बसवतात. मग मधली सगळी तार उघडी राहते. आपल्या धर्मग्रामात वायरिंगची कामे करणारे कितीतरी तरुण आहेत. त्यांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मग कच्चे काम का होते? अज्ञानामुळे होते तिथे दोष कमी. शिकवणाऱ्याचा दोष कदाचित जास्त. घाईमुळे होते तिथे एकट्या कामगाराला धरून चालणार नाही. ‘रविवारी पाहुणे येणार आहेत, शनिवारी संध्याकाळपर्यंत दिवे लागले पाहिजेत’ असे दरडावणारा मालकही त्या कामात वाटेकरी आहे. आपल्यापैकी कितीजणांनी घर बांधताना कंत्राटदाराला हेच सांगितलेले असते! अर्धवट राहिलेले काम हे काही पाप नव्हे. अर्धवट काम पूर्ण झाल्यासारखे दाखवणे, तिथे आठवी आज्ञा लागू होते. ही रेघ बारीक आहे, पण ती आहे. ती ओलांडल्यावर काय होते ते पाहायचे असेल तर १९६८ सालच्या एका स्पर्धेकडे पाहावे लागेल.

लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने त्या वर्षी एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा लावली. प्रथम परतणाऱ्याला सोनेरी गोल आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला ५,००० पौंड. ३१ ऑक्टोबर ही निघण्याची शेवटची तारीख होती. नऊजण निघाले, एकच परतला. त्या एकाचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटांची सागवानी नौका आपल्या मुंबईत, कुलाब्याला, इथल्याच सुतारांनी बांधलेली होती. नऊजणांपैकी दुसरा होता डोनाल्ड क्राउहर्स्ट. त्याचा जन्म १९३२ साली गाझियाबादचा. भारत स्वतंत्र झाल्यावर कुटुंब इंग्लंडला परतले. तो इलेक्ट्रॉनिक्सचा हुशार माणूस होता. रेडिओच्या लहरींवरून दिशा शोधणारे हातात धरण्याचे एक उपकरण त्याने तयार केले होते आणि त्याची लहानशी कंपनी ते विकत असे. धंदा बुडायला आला होता. मोहीम फसली तर करारानुसार नौका त्याच्याच कंपनीच्या गळ्यात पडणार होती. घरी पत्नी आणि चार मुले.

त्याची नौका ‘टीनमथ इलेक्ट्रॉन’ ही तीन सांगाड्यांची आणि चाळीस फुटांची होती. ती एका स्वयंचलित यंत्रणेमुळे सुरक्षित राहील, असे त्याने सर्वांना सांगितले होते. नौका कलंडू लागली तर यंत्रणा ते ओळखेल आणि डोलकाठीच्या टोकावरची हवेची पिशवी आपोआप फुगेल. त्यासाठी नौकाभर रंगीबेरंगी तारा टाकलेल्या होत्या. त्या सगळ्या एका जागी येत होत्या. तिथे यंत्रणेचा मेंदू असायला हवा होता. तो मेंदू तयारच झाला नव्हता. तारा कशालाही जोडलेल्या नव्हत्या.

आम्हाला या कथेतील दुसरे काहीही इतके हलवून सोडत नाही. बंदरावर जमलेल्या लोकांना, वार्ताहरांना, पैसे लावणाऱ्याला तारा दिसत होत्या. तारा आहेत म्हणजे पलीकडे काहीतरी असणारच, असे कोणालाही वाटेल. नौका ठीक नाही, हे आदल्या रात्री त्याने पत्नीजवळ बोलूनही दाखवले. परंतु ३१ ऑक्टोबर उजाडला, शेवटची तारीख, आणि तो निघाला.

पंधरवड्यातच आत पाणी येऊ लागले, जनित्र भिजले. पाणी उपसण्याची नळी तर किनाऱ्यावरच राहिली होती. नोव्हेंबरच्या मध्यास त्याने आपल्या वहीत नौकेचे सगळे दोष लिहून काढले आणि अशा स्थितीत दक्षिण महासागरात जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे आहे, हे स्वतःशी मान्य केले. इथपर्यंत तो प्रामाणिक होता, हे लक्षात घेतले पाहिजे. अजून वळता आले असते. नामुष्की झाली असती, दिवाळे निघाले असते, पण मुलांना बाप मिळाला असता. डिसेंबरात त्याने रेडिओवरून कळवले, की आपण एका दिवसात २४३ मैल कापले. तो विक्रम ठरला असता. ते खोटे होते. त्यानंतर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला, आणि जगाला वाटले तो पृथ्वीला वळसा घालतो आहे.

खोटी स्थाने तयार करणे सोपे नव्हते. खरा नाविक सेक्स्टंटने सूर्य पाहतो आणि आकडेमोड करून आपली जागा काढतो. क्राउहर्स्टला आधी खोटी जागा ठरवून, तिथून सूर्य किती उंच दिसला असता याचे गणित उलटे करावे लागे. खऱ्यापेक्षा खोट्याला जास्त मेहनत लागत होती. त्यात एक खरी नोंदही ठेवावी लागे, नाहीतर आपण प्रत्यक्षात कुठे आहोत हे त्यालाच कळले नसते.

आता तो मूळ प्रश्न पुन्हा विचारू या. कोणाचे काय बिघडले? स्पर्धेत नायजेल टेटली नावाचा एक नाविक होता. तो प्रदक्षिणा जवळजवळ पूर्ण करून परत येत होता. क्राउहर्स्ट आपल्या मागोमाग येतो आहे, असे त्याला रेडिओवरून कळले होते. म्हणून आधीच खिळखिळी झालेली नौका त्याने जोराने हाकली. २१ मे १९६९ रोजी अझोर बेटांजवळ ती फुटून बुडाली. टेटली वाचला, पण वर्षभराची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. न जोडलेल्या तारांचे एक टोक शेवटी त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचले, असेच म्हणावे लागेल.

क्राउहर्स्टचा बेत हळूच शेवटचा येण्याचा होता, म्हणजे त्याच्या वह्या कोणी बारकाईने तपासल्या नसत्या. टेटली बुडाल्यावर तो मार्ग बंद झाला. आता वेगाचे बक्षीस त्यालाच मिळणार होते. घरी स्वागताची तयारी सुरू झाली. त्याच्या वहीतील शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची आहे. १० जुलैला एका टपाल जहाजाला नौका अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. त्याने स्वतःच समुद्रात उडी घेतली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या शेवटच्या घटकेत त्याच्या आणि परमेश्वराच्या मध्ये काय घडले हे कोणालाच ठाऊक नाही, आणि अशा जिवांसाठी ख्रिस्तसभा आशेने प्रार्थना करते. न्याय करण्याचे काम आपले नाही.

‘सुहैली’ काही निर्दोष नव्हती, हेही सांगायला हवे. सुरुवातीच्या आठवड्यांतच तिच्या तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले होते. नॉक्स-जॉन्स्टन स्वतः पाण्यात उतरला आणि नौकेखाली जाऊन त्याने ती फट कापूस भरून, वर तांब्याची पट्टी ठोकून बुजवली. पुढे त्याचा रेडिओ बंद पडला. कित्येक महिने त्याचा पत्ता नव्हता, लोकांनी आशा सोडली होती. तो कुठे आहे हे जगाला माहीत नव्हते. त्याला माहीत होते. क्राउहर्स्टचे नेमके उलटे, त्याचा ठावठिकाणा वर्तमानपत्रात छापून येत होता.

क्राउहर्स्टची लबाडी आपल्याला कळली ती त्याच्याच वह्यांमुळे. नौकेत खऱ्या नोंदीच्या वह्या होत्या, सापडतील अशा. त्या समुद्रात टाकायला त्याला क्षणभरही लागला नसता. त्या त्याने ठेवल्या. का, हे कोण सांगणार? परंतु प्रायश्चित्त संस्काराला बसणाऱ्या धर्मगुरूंना अशी माणसे पुष्कळ भेटत असतील, ज्यांना तोंडाने बोलवत नाही, पण आपले खरे कोणीतरी वाचावे असे मनातून वाटत असते.

टेटली बुडाला, क्राउहर्स्ट गेला, म्हणून वेगाचे ५,००० पौंडही नॉक्स-जॉन्स्टनलाच मिळाले. ते त्याने क्राउहर्स्टच्या पत्नीला आणि मुलांना दिले. थोड्याच दिवसांत फसवणूक वर्तमानपत्रांतून उघड झाली, तरी त्याने ते परत मागितले नाहीत.